श्रीपतीभटांचा ढेकर

पावसजवळच्या आमच्या वाडीत श्रीपतीभटांच्या ढेकराला जो मान होता, तो त्यांच्या मंत्रांनाही नव्हता. हे मी थट्टेने लिहीत नाही. थट्टा आम्ही तेव्हा पुष्कळ केली. पुढे त्याच ढेकरापायी मी वर्षभर स्वतःचं डोकं पिकवून घेतलं आणि माझी थट्टेची हौस फिटली.

श्राद्धाचं जेवण आटोपत आलं की भट पाठ ताठ करत, डावा हात छातीच्या मधोमध दाबत, हनुवटी जराशी वर नेत आणि एक लांब, खोल ढेकर देत. पाठोपाठ दुसरा. मग थोडं थांबून तिसरा. माजघरातल्या बायका तिसरा ढेकर ऐकू येईपर्यंत हातातलं भांडं खाली ठेवत नसत. तो आला की पितर जेवले, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. हे कुठल्या पोथीत लिहिलंय, असं मी एकदा आईला विचारलं, तर पोथी वाचून कुणाची भूक कळते का, म्हणून तिने मला गप्प केलं. पोथीप्रमाणे यजमानाने संस्कृतात विचारायचं, तृप्त झालात का, आणि ब्राह्मणाने म्हणायचं, झालो. संपलं. पण झालो काय, कुणीही म्हणेल. ढेकर काही ठरवून देता येत नाही, अशी वाडीची समजूत. त्यामुळे भाद्रपदाच्या पितृपक्षात भटांची एकही तिथी मोकळी जात नसे, आणि तिसरा ढेकर लवकर यावा म्हणून प्रत्येक घरी त्यांच्या पानावर वडे, लाडू आणि खीर यांचा नुसता मारा होई.

इतकं जेवणारा माणूस अंगाने कसा असेल? वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा. आणि एका जागी टिकेल तर शपथ. जेवून उठले की पडवीत चकरा सुरू. चकरा मारता मारता छाती चोळायची, खळ्यात जाऊन थुंकायचं, घोटभर पाणी प्यायचं, पुन्हा चकरा. कुणाच्या ओटीवर गप्पा मारायला बसले तरी एक पाय पायरीवर. भटांच्या पायाला भिंगरी आहे, असं लोक म्हणत आणि मीही म्हणत असे. पुढे कळलं की बसलं की पोट दबतं, पोट दबलं की आंबट वर येतं, म्हणून हा माणूस दहा वर्षं उभा होता.

ते कळलं, कारण मी रत्नागिरीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मिक्श्चरं कालवायची, बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवायची, पुड्या बांधायच्या आणि डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं रोग्याला दहादा सांगायचं, हे माझं काम. शनिवारी भाट्याची खाडी तरीतून ओलांडून घरी, सोमवारी परत. स्वभावाने मी तापट. एखाद्याने औषध घेतलं नाही की मला ते माझ्याच तोंडावर फेकल्यासारखं वाटे.

एकोणतीस सालचा पितृपक्ष संपला आणि भट दवाखान्याच्या दारात उभे राहिले. बाकावर बसा म्हटलं तर बसेनात. भात छातीत अडकतो, म्हणाले. घास उतरता उतरता मध्येच थांबतो, पाण्याने ढकलावा लागतो. पहाटे घशात आंबट येऊन दचकून जाग येते. सकाळी मंत्र म्हणायला बसलं की आवाज फुटत नाही.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, जीभ पाहिली आणि घरचं काय औषध चालू आहे ते विचारलं. भट अभिमानाने म्हणाले, कोकम. सकाळी पाण्यातून आगळ, जेवताना सार, जेवल्यावर पुन्हा आगळ. पित्तावर कोकम, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"अंगावर पित्त उठेल तेव्हा कोकम हवं तेवढं चोळा," ते म्हणाले. "पण हे पित्त निराळं. पोटातलं आंबट पोटातच राहायला हवं. तुमचं वर येतं आणि वरची नळी भाजते. भाजलेल्या जागेवर तुम्ही रोज आणखी आंबट ओतताय."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि बाहेर आल्यावर मी ते पुन्हा सांगितलं. एका वेळी मूठभर भात, वाटलं तर दिवसातून चारदा. पोटाला तडस लागेपर्यंत कधीच नाही. दिवे लागायच्या आत शेवटचं जेवण, आणि जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. तंबाखू बंद, आगळ बंद, मिरची जपून. सोवळ्याची गाठ कमरेला करकचून बांधायची नाही. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली जांभ्या दगडाचा एकेक अर्धा चिरा ठेवायचा, म्हणजे डोकं उंच राहील आणि आंबट खाली राहील. जळजळ फारच झाली तर पांढऱ्या मिक्श्चरचा एक डोस. भटांनी मान डोलावली, बाटली घेतली आणि गेले.

बाटली त्यांनी बघता बघता संपवली. बाकीच्या गोष्टींतली एकही केली नाही. पितृपक्ष संपला होता, पण आश्विनात सावित्रीबाईंकडचं श्राद्ध होतं.

या सावित्रीबाईंची गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरापासून चार घरं पलीकडे त्यांचं घर, मागे पंचवीस-तीस हापूसची कलमं. अठरा सालच्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत त्यांचे यजमान गोपाळकृष्णपंत तापाने पडले. वैद्याने लंघन सांगितलं. ताप उतरेस्तोवर अन्नाचा कण द्यायचा नाही. पंत सहा दिवस भात मागत होते. आधी दरडावून, मग हात जोडून. सावित्रीबाईंनी वैद्याचा शब्द मोडला नाही. चुलीवर पोरांसाठी भात रटरटत होता आणि त्या वासाने पंत माजघराकडे तोंड करून पडून राहत. सातव्या दिवशी गेले. तेव्हापासून वैद्य, डॉक्टर आणि माझ्यासारखे पुड्या बांधणारे या सगळ्यांना त्या बाईने एकाच माळेत ओवलं होतं. औषधवाल्यांनी माझा माणूस उपाशी मारला, असं त्या उघड म्हणत. त्या उपाशी मारण्यात न वाढणारा हात आपला होता, हे मात्र म्हणत नसत, आणि तेच त्यांना खात होतं हे वाडीत सगळ्यांना कळत होतं.

पहिल्या वर्षश्राद्धाला श्रीपतीभट पितरांच्या पानावर बसले. जेवण झालं, आणि त्यांनी असा काही ढेकर दिला की सावित्रीबाई माजघराच्या उंबऱ्यात मटकन खाली बसल्या आणि जेवले हो, जेवले, म्हणत रडल्या. माझी आई तिथे स्वयंपाकाला होती, तिने पाहिलं. खरं तर भटांच्या ढेकराची कीर्ती त्या दिवसापासून. पुढची अकरा वर्षं त्या घरी दुसरा ब्राह्मण पितरांच्या पानावर बसला नाही.

त्या एकोणतीसच्या आश्विनातही भट तिथे गळ्यापर्यंत जेवले आणि तिन्ही ढेकर चोख दिले. दिवाळीनंतर ते पुन्हा दवाखान्यात आले, तेव्हा भात सोडाच, मऊ पेजसुद्धा घोट घोट घ्यावी लागत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आल्या आल्या त्यांना झाडायला सुरुवात केली. डॉक्टरांनी मला हाताने थांबवलं. ते मुळीच ओरडले नाहीत.

"भटजी, भाजून भाजून नळी आवळत चालली आहे," ते म्हणाले. "पुढच्या भाद्रपदात असेच जेवलात, तर त्याच्या पुढच्या भाद्रपदात पेजसुद्धा उतरणार नाही. मग माझ्याकडे येऊ नका. मला काही करता येणार नाही."

त्या दिवशी भट पहिल्यांदा बाकावर बसले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी माझ्या नोकरीत फार थोड्या रोग्यांना करताना पाहिलं. तंबाखूची चंची विहिरीत टाकली. आगळाची बरणी शेजारी देऊन टाकली. गोदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, दिवसातून चारदा मूठ-मूठ भात शिजवून अगदी जेरीला आल्या, पण शिजवत राहिल्या. खाटेखाली चिरे आले आणि वाडीला नवा विषय मिळाला. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे भटांनी आतापासूनच वर जायची वाट धरली. पहिले पंधरा दिवस सकाळी भट खाटेच्या पायथ्याशी गोळा झालेले सापडत, कारण उतारावरून घसरत. मग गोदाकाकूंनी पायथ्याशी गोधडीची वळकटी दाबून बसवली. मी दर शनिवारी जाऊन तपासणी करी. एकदा कोनाड्यात सुपारी सापडली, त्यावरून मी एवढा कडाडलो की गोदाकाकूंनीच मला घसा ओला करायला पाणी दिलं.

तीस सालचा पाऊस सरता सरता भटांचा भात विनासायास उतरू लागला. पहाटेची जाग थांबली. आवाज सुटला. अंगावर थोडं मांसही चढलं. आणि ढेकर गेला. गेला म्हणजे गेलाच. आतून ढकलायला काही उरलं नव्हतं.

पितृपक्षात त्यांनी मोजकी आमंत्रणं घेतली आणि प्रत्येक घरी पहिल्या वाढण्यावरच हात आडवा धरला. यजमान फुगून बसले. भट आता पूर्वीचे राहिले नाहीत, म्हणाले. दोन घरांनी पुढल्या तिथीला दुसरीकडून ब्राह्मण आणला. भटांनी सगळं निमूट सोसलं. मला वाटलं, चला, सुटलो. पण आश्विन लागला आणि त्यांच्या चकरा पुन्हा सुरू झाल्या. आता छातीत काहीच जळत नव्हतं, तरी हा माणूस पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. गोदाकाकू मला म्हणाल्या, बघ रे, तुझ्या औषधाने आजार गेला नि माणूस तसाच राहिला.

सावित्रीबाईंकडच्या श्राद्धाच्या चार दिवस आधी ते रत्नागिरीस आले. हातात बाटली नव्हती. डॉक्टर आत होते, तर त्यांनी मला बाहेर दगडी गडग्यापाशी नेलं. एकच ढेकर येईल असं काही आहे का, असं त्यांनी विचारलं. एकच, सावित्रीवहिनींसाठी.

मी उसळलोच. वर्षभर आम्ही काय झक मारली का, म्हणून विचारलं. मग त्यांचं तोंड पाहून मलाच कसंसं झालं. सोड्याची पूड लिंबाच्या पाण्यात घातली तर ढेकर येतो, नळीला फारशी इजा होणार नाही, देतो पुडी, असं मी हळूच सांगितलं. सोवळ्यात दवाखान्याची पुडी कुठे ठेवू, म्हणाले. मग खाडीकडे बघत म्हणाले, "आणि आता मला कळलंय तो कसला ढेकर होता. पूर्वी ठाऊक नव्हतं तोवर ठीक होतं." पुडी न घेता ते तरीच्या वाटेला लागले.

त्या श्राद्धाला मीही पानावर होतो. श्राद्धात एक ब्राह्मण पितरांच्या नावाने जेवतो, एक देवांच्या. देवांच्या पानावर बसणारे शेजारवाडीचे भट मुलाकडे मुंबईला गेले होते आणि ऐन वेळी दुसरं कुणी मिळेना, तेव्हा सावित्रीबाईंच्या मुलाने, धोंडूने, मला धरून आणलं. सावित्रीबाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. औषधाचा वास धुऊन आलायस ना रे, एवढंच म्हणाल्या.

श्राद्धाच्या पानावर ब्राह्मणांनी बोलायचं नसतं. मुकाट्याने जेवायचं, हवं-नको हाताने सांगायचं. सून वाढत होती. विधवेचं लाल आलवण नेसलेल्या सावित्रीबाई माजघराच्या उंबऱ्यात खिरीचं पातेलं धरून उभ्या होत्या आणि त्यांची नजर भटांच्या हातावरून हलत नव्हती. मूठभर भात, अर्धा वडा, दोन घास भाजी. भटांनी पानावर हात आडवा धरला. सून अडखळली, तिने सासूकडे पाहिलं. सासूने मानेने खुणावलं, वाढ. सुनेने हाताच्या कडेने आणखी एक वडा ठेवला. भटांनी त्याला हात लावला नाही.

मग कुणीच काही करेना. धोंडूने आता तृप्त झालात का, असं विचारायचं, पण तो आईकडे बघत होता आणि आई वाट बघत होती. मला पानावर बसवेना. वाटलं, उठून पळावं. वर्षभर ज्या ढेकरावर मी तुटून पडलो होतो, तो या घटकेला यावा म्हणून मी मनात देवाला विनवत होतो. याची मला आजही लाज वाटत नाही.

सावित्रीबाई पुढे आल्या.

"उपाशी आहेत ते," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतं. त्या दवाखान्याच्या नादाला लागलांत नि वर गेल्यावरही त्यांचं अन्न तोडलंत तुम्ही."

भटांनी मौन सोडलं. धोंडूचा चेहरा पांढराफटक पडला. पानावरचा ब्राह्मण बोलला म्हणजे श्राद्धाला बट्टा.

"वहिनी, ढेकर यायचा नाही," ते म्हणाले. "तो रोग होता. पोटातलं आंबट वर यायचं, म्हणून ढेकर यायचे. तुमच्याकडे यायचे, सगळीकडे यायचे. मला घरी पाणी पिऊनसुद्धा यायचे."

सावित्रीबाई ओरडतील, मला हाकलून देतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "पहिल्या वर्षीचासुद्धा?"

या प्रश्नाची तयारी भटांनी केली नव्हती. हो म्हटलं तर त्या बाईकडे काही उरत नव्हतं, आणि हा माणूस आता खोटं बोलणार नाही हे मला कळून चुकलं होतं.

"पहिल्या वर्षी मला रोग नव्हता," भट सावकाश म्हणाले. "साथीत माणसं गेली, वरून पाऊसही दगा देऊन गेला. आमच्याकडे भाताचा दाणा नव्हता. नाचणीची पेज होती, तीही गोदा पोरांना द्यायची. तुमच्याकडे आलो त्याच्या आधी दोन दिवस मी काही खाल्लं नव्हतं. कुणाला सांगितलं नाही. भटाने भुकेला आलो म्हणून कसं सांगायचं? तुम्ही ऊन भात वाढलांत. मला पितरांचं काही सुचलं नाही वहिनी, मी माझ्या भुकेने जेवलो. तो ढेकर पोट भरल्याचा होता."

माझ्या आईला हे ठाऊक नव्हतं, वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना त्यांनी सगळं सांगितलं होतं, पण हे सांगितलं नव्हतं.

सावित्रीबाईंनी पातेलं जमिनीवर ठेवलं आणि त्याच्या शेजारीच बसल्या. त्या पहिल्या वर्षश्राद्धानंतर त्यांना लोकांदेखत रडताना कुणी पाहिलं नव्हतं. आता पदराने तोंड झाकायचंही त्यांना भान राहिलं नाही.

"म्हणजे त्या पहिल्या श्राद्धाला भुकेल्या माणसाने माझ्याकडे भात मागितला असता," त्या म्हणाल्या, "तर मी दिला असता."

"मी न मागता दिलांत," भट म्हणाले.

बाई पुष्कळ वेळ रडत होत्या. त्यांना कुणी उगी केलं नाही. मग त्या स्वतःच उठल्या, भटांच्या पानावरचा तो न खाल्लेला वडा आपल्या हाताने उचलून बाजूला ठेवला आणि धोंडूला म्हणाल्या, विचार त्यांना काय विचारायचं ते. धोंडूने चाचरत विचारलं. भटांनी उत्तर दिलं. आमच्या वाडीत ते उत्तर कान देऊन ऐकलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.